तेरा मुलांच्या काचपट्ट्या : 'स्पिट्झ नीवस'च्या निदानाचा इतिहास

१/ १९४८ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ पॅथॉलॉजी' या नियतकालिकाच्या २४व्या खंडात एक लेख प्रसिद्ध झाला. शीर्षक होते 'मेलॅनोमाज ऑफ चाइल्डहुड', म्हणजे बालपणातील मेलॅनोमा. लेखिका होत्या न्यूयॉर्कच्या विकृतिशास्त्रज्ञ सोफी स्पिट्झ. लेखात १३ मुलांची नोंद होती. त्या सर्वांच्या त्वचेवरील गाठी सूक्ष्मदर्शकाखाली मेलॅनोमासारख्या, म्हणजे त्वचेच्या अत्यंत घातक कर्करोगासारख्या दिसत होत्या. तरीही १३ पैकी एकच मूल कर्करोग शरीरभर पसरून दगावले. काचपट्टीने केलेले भाकीत बाकीच्या मुलांनी खोटे ठरवले होते. हे कसे घडले आणि त्याचा उलगडा कितपत झाला, याचा हा धागा.

२/ आधी काही शब्दांची ओळख करून घेऊ. आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. या पेशी एका जागी पुंजक्याने जमल्या, की आपण ज्याला तीळ किंवा जन्मखूण म्हणतो ती खूण उमटते. वैद्यकात तिला 'नीवस' हे लॅटिन नाव आहे. तीळ बहुतेक सर्वांच्या अंगावर असतात आणि ते निरुपद्रवी असतात. याच पेशी अनिर्बंध वाढू लागल्या आणि शरीरात पसरू लागल्या, तर त्या रोगाला मेलॅनोमा म्हणतात. एकच पेशी, दोन टोकांची भवितव्ये. या दोहोंमधला फरक ओळखणे म्हणजे निदान.

३/ मेलॅनोमाची वैद्यकीय ओळख तशी अलीकडची. स्टेथोस्कोपचा जनक म्हणून प्रसिद्ध असलेल्या रने लेनेक या फ्रेंच वैद्याने १८०४ साली पॅरिसमध्ये या काळ्या गाठींना स्वतंत्र रोग म्हणून मांडले. 'मेलॅनोमा' हा शब्द १८३८ साली स्कॉटिश विकृतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्स्वेल यांनी वापरला. तोवर निदान डोळ्यांनी व्हायचे : गाठीचा रंग, आकार, वाढीचा वेग आणि अखेरीस शवविच्छेदन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुडॉल्फ फिर्खो यांच्या पेशीय विकृतिशास्त्राने निदानाचे आसन सूक्ष्मदर्शकापाशी नेले.

४/ हा बदल फार मोठा होता. गाठ कापायची, ती रसायनात टिकवायची, मेणात घट्ट करायची, तिचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचेवर चढवून जांभळ्या-गुलाबी रंगांनी रंगवायचे आणि मग पाहायचे. पेशीचे केंद्रक किती मोठे, पेशी विभागत आहेत का, त्या शेजारच्या ऊतींत घुसल्या आहेत का, यांवरून निकाल द्यायचा. रुग्ण समोर नसतानाही त्याचे भविष्य सांगता येऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी काचपट्टीचा शब्द हा शेवटचा शब्द मानला जाऊ लागला होता.

५/ मात्र लहान मुलांच्या बाबतीत हा शब्द अडखळू लागला होता, याची एक जुनी खूण सापडते. १९१० साली पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ झाँ दारिए आणि आशील सिव्हात यांनी एका तान्ह्या बाळाच्या नाकावर वेगाने वाढलेल्या गाठीची नोंद प्रसिद्ध केली. त्या नोंदीचे शीर्षकच प्रश्नार्थक आहे : हा नीवस की कर्करोग? त्या काळातील दोन नामवंत तज्ज्ञांनी आपली अनिश्चितता थेट शीर्षकात मांडली, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढची जवळजवळ चार दशके त्या प्रश्नाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

६/ प्रश्न नुसता नावाचा असता, तर तो तज्ज्ञांच्या बैठकीत सोडून देता आला असता. परंतु नावावर उपचार ठरत होते. १९०७ साली लंडनचे शल्यविशारद विल्यम सॅम्पसन हँडली यांनी मेलॅनोमाच्या शस्त्रक्रियेवर व्याख्याने दिली. गाठीभोवतालची त्वचा, तिच्याखालचा त्याहूनही रुंद पट्टा आणि जवळच्या लसिकाग्रंथी काढून टाकाव्यात, असे त्यांचे मत होते. या मताला आधार होता एका स्त्रीच्या शवविच्छेदनाचा. तिचा रोग तेव्हा अंतिम अवस्थेत पोहोचलेला होता. एका देहावरून काढलेल्या या निष्कर्षाने पुढची अनेक दशके शस्त्रक्रियेचा रिवाज घडवला.

७/ हाच रिवाज एखाद्या चार वर्षांच्या मुलाला लावून पाहा. गालावर वाटाण्याएवढी गुलाबी गाठ. ती काढून तपासली आणि अहवालात 'मेलॅनोमा' हा शब्द आला. आता गालाचा मोठा भाग काढायचा, मांडीची त्वचा तिथे लावायची, मानेतल्या ग्रंथी काढायच्या. मूल वाचले तरी चेहऱ्यावरचा व्रण जन्मभराचा. आणि शस्त्रक्रिया न करावी, तर अहवाल म्हणतो की मूल जगणार नाही. आईबापांना आणि शल्यविशारदांना या कैचीतून सोडवण्याचे साधन तेव्हाच्या वैद्यकापाशी नव्हते.

८/ तरीही अनुभवी शल्यविशारदांच्या ध्यानात काही तरी येऊ लागले होते. न्यूयॉर्कचे मेमोरियल हॉस्पिटल हे कर्करोगावरील अमेरिकेतील आद्य रुग्णालयांपैकी एक. तिथले जॉर्ज पॅक यांनी १९४०च्या दशकात निरीक्षण मांडले, की वयात येण्यापूर्वीच्या मुलांतील 'मेलॅनोमा' काचेवर भयंकर दिसतात, पण प्रौढांतील मेलॅनोमासारखे वागत नाहीत. वयात येताना शरीरात होणाऱ्या बदलांशी याचा संबंध असावा, असा तर्क तेव्हा केला गेला. पण हे निरीक्षण मुलांच्या गाठी एकत्र मांडून, बारकाईने तपासून पाहण्याचे काम बाकी होते. ते याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत झाले.

९/ सोफी स्पिट्झ यांचा जन्म १९१० सालचा, टेनेसी राज्यातील नॅशव्हिलचा. योगायोग असा, की दारिए आणि सिव्हात यांनी आपला प्रश्न छापला, तेही हेच वर्ष. १९३२ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली आणि त्या न्यूयॉर्कला गेल्या. तिथे त्यांनी 'न्यूयॉर्क इन्फर्मरी फॉर विमेन अँड चिल्ड्रेन' या रुग्णालयात काम केले. हे रुग्णालय अमेरिकेतील पहिल्या पदवीधर स्त्री-डॉक्टर एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी १८५७ साली उभे केले होते. इतर रुग्णालयांची दारे स्त्री-डॉक्टरांसाठी फारशी उघडत नसत. त्यांना काम करता यावे आणि शिकता यावे, हा त्यामागचा एक हेतू होता.

१०/ दुसऱ्या महायुद्धात स्पिट्झ वॉशिंग्टनच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ पॅथॉलॉजी या लष्करी संस्थेत काम करत होत्या. अमेरिकी सैनिक उष्ण कटिबंधात लढत होते आणि त्यांना होणारे रोग अमेरिकेतल्या डॉक्टरांना अपरिचित होते. त्यासाठी स्पिट्झ आणि कर्नल जेम्स अ‍ॅश यांनी उष्णकटिबंधीय रोगांच्या विकृतिशास्त्राचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. तो १९४५ साली प्रसिद्ध झाला. हजारो काचपट्ट्या पाहून त्यांतील साम्य-भेद टिपण्याची जी सवय या कामात लागते, तिचा प्रत्यय तीन वर्षांनंतरच्या लेखात येतो.

११/ आता त्या लेखाकडे वळू. स्पिट्झ यांनी दीड ते बारा वर्षे वयाच्या मुलांच्या गाठींच्या काचपट्ट्या एकत्र केल्या. प्रत्येक पट्टी प्रौढांतील मेलॅनोमाच्या निकषांवर तपासली आणि त्या त्या मुलाचे पुढे काय झाले, याची माहिती तिच्याशेजारी ठेवली. पद्धत म्हणून यात नवे यंत्र नाही, नवे रसायन नाही. जुना पुरावा आणि त्यानंतर घडलेला काळ एकमेकांसमोर ठेवणे, एवढेच यात आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. दप्तरातला कागद एक गोष्ट सांगतो आणि पुढच्या घटना दुसरी. मग कागद कसा वाचावा, हा प्रश्न उभा राहतो.

१२/ स्पिट्झ यांचा निष्कर्ष जपून काढलेला होता. मुलांतील या गाठी प्रौढांच्या मेलॅनोमाहून निराळ्या वागतात, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले. पण केवळ पेशींकडे पाहून दोहोंत फरक करता येईल, असा दावा केला नाही. मुलांच्या गाठींत आढळणाऱ्या काही महाकाय पेशी त्यांना उपयोगी खूण वाटली. या गाठींना त्यांनी 'जुव्हेनाइल मेलॅनोमा' म्हणजे बालवयातील मेलॅनोमा म्हटले. हा रोग निरुपद्रवी आहे असे त्या म्हणाल्या नाहीत. मेलॅनोमाचाच हा एक सौम्य वागणारा प्रकार आहे, अशी त्यांची तेव्हाची मांडणी होती.

१३/ या सावधपणाचे कारण त्या एका मुलाच्या मृत्यूत आहे. बाकीच्या मुलांच्या आधाराने सर्वांना निर्धास्त करावे, तर त्या एकाचे काय? आणि त्या एकासाठी सर्वांवर मोठ्या शस्त्रक्रिया कराव्यात, तर बाकीच्यांचे काय? त्या मुलाची गाठ इतरांसारखीच होती आणि दुर्दैवाने तीच पसरली, की ती मुळातच वेगळी, खऱ्या मेलॅनोमाची होती? या प्रश्नाचे उत्तर १९४८च्या काचपट्टीवर नव्हते. हा प्रश्न पुढे कुठे कुठे डोके वर काढतो, ते लक्षात ठेवा.

१४/ १९५०च्या दशकात पुरावा वाढत गेला. स्पिट्झ यांचे पती आर्थर अ‍ॅलन हेही विकृतिशास्त्रज्ञ होते. १९५३ साली दोघांनी मिळून मेलॅनोमाच्या निदानाच्या निकषांवर विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला आणि बालवयातील प्रकार खऱ्या मेलॅनोमापासून वेगळा काढला. पुढच्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या मॅक्व्हॉर्टर आणि वूलनर यांनी मुलांतील साधे तीळ, जुव्हेनाइल मेलॅनोमा आणि खरा मेलॅनोमा या तिन्हींचा तौलनिक अभ्यास मांडला. मधला प्रकार निरुपद्रवी आहे, हे मत स्थिरावत गेले. मात्र नावात 'मेलॅनोमा' तसाच राहिला आणि अहवाल वाचणाऱ्या आईबापांना तोच शब्द दिसत राहिला.

१५/ नाव बदलण्याचा ठोस प्रयत्न १९६० साली झाला. केर्नेन आणि लॉरेन अ‍ॅकरमन यांनी अशा २७ गाठींचा अभ्यास करून त्यांना पेशींच्या आकारावरून नाव दिले : चातीच्या आकाराच्या, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या पेशींचे आणि उपकलेसारख्या रुंद पेशींचे नीवस. जुने नाव त्यांनी 'तथाकथित' म्हणून कंसात टाकले. या अभ्यासाचा दुसरा भाग असा, की या गाठी प्रौढांतही आढळतात, हे त्यांनी दाखवले. म्हणजे वयात येताना होणारे बदल हे कारण पुरेसे नव्हते आणि 'बालवयातील' हे विशेषणही पूर्ण खरे नव्हते.

१६/ हे सारे पाहायला स्पिट्झ नव्हत्या. १९५६ साली वयाच्या अवघ्या ४६व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव या गाठीला रूढपणे जोडले गेले ते नंतर. १९७७ साली ऑस्ट्रेलियाच्या वीडन आणि लिटल यांनी २११ गाठींचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा शीर्षकात 'स्पिट्झ नीवस' हे नाव होते. स्वतः स्पिट्झ यांनी ज्याला मेलॅनोमा म्हटले, त्याच गोष्टीला त्यांच्या नावाने 'नीवस' म्हटले जाऊ लागले. नाव त्यांचे राहिले, निदान बदलले.

१७/ या काळात ओळखीच्या खुणांची यादीही तयार होत गेली. दवाखान्यात ही गाठ बहुधा मुलाच्या चेहऱ्यावर किंवा पायावर दिसते. गुलाबी वा लालसर, घुमटासारखी, गुळगुळीत. काही महिन्यांत ती वेगाने वाढते आणि मग थांबते. रंगामुळे ती रक्तवाहिन्यांची गाठ वाटू शकते. काचपट्टीवर तिच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कडा स्पष्ट असतात आणि खोल जाल तसतशा पेशी लहान होत जातात. १९७९ साली हिदेको कामिनो यांनी तिच्यातील गुलाबी काचमण्यांसारखे गोळे निदानाची खूण म्हणून पुढे आणले. आज ते 'कामिनो बॉडीज' म्हणून ओळखले जातात. १९७५ साली रिचर्ड रीड यांनी वर्णिलेला गडद काळसर प्रकार 'रीड नीवस' झाला.

१८/ म्हणजे प्रश्न सुटला का? बहुसंख्य मुलांपुरता, होय. नमुनेदार स्पिट्झ नीवस ओळखता येऊ लागला आणि अशा मुलांच्या वाट्याची अनावश्यक शस्त्रक्रिया टळली. दरम्यान प्रौढांच्या मेलॅनोमातही हँडलींच्या रिवाजाची फेरतपासणी झाली आणि पातळ मेलॅनोमाभोवती कमी त्वचा काढली तरी चालते, हे १९८८ साली इटलीच्या व्हेरोनेसी यांच्या गटाने चाचणीतून दाखवले. परंतु स्पष्ट नीवस आणि स्पष्ट मेलॅनोमा यांच्या मध्ये एक धूसर पट्टा उरला होता. काही खुणा निरुपद्रवी, काही संशयास्पद. अशा गाठींना 'अनियमित स्पिट्झ ट्यूमर' म्हणतात आणि १९४८चा अनुत्तरित प्रश्न इथे पुन्हा भेटतो.

१९/ १९८९ साली तर शब्दांचीच कसोटी लागली. एका अभ्यासात अशा काही गाठींच्या पेशी रुग्णांच्या लसिकाग्रंथींत पोहोचलेल्या आढळल्या. मूळ जागा सोडून पेशी दुसरीकडे जाणे हे तर कर्करोगाचे लक्षण. पण या रुग्णांपैकी कोणी दगावले नव्हते. संशोधकांनी नाव सुचवले 'मॅलिग्नंट स्पिट्झ नीवस', म्हणजे अक्षरशः 'घातक निरुपद्रवी गाठ'. हे नाव पुढे टिकले नाही. पण जुन्या दोन खान्यांत न बसणारे काही तरी समोर आले होते, हे त्या नावाने कबूल केले. ग्रंथीत पेशी सापडल्या तरी मूल जगते, हे पुढच्या अभ्यासांतही वारंवार दिसले.

२०/ या इतिहासातले सर्वांत प्रामाणिक प्रकरण मला १९९९ सालचे वाटते. रेमंड बार्नहिल आणि सहकाऱ्यांनी ३० गाठींच्या काचपट्ट्या दहा नामांकित तज्ज्ञांकडे पाठवल्या. रुग्णांचे पुढे काय झाले, हे त्यांना सांगितले नाही. स्पिट्झ प्रकारच्या ज्या १७ गाठी होत्या, त्यांपैकी एकाच गाठीच्या बाबतीत सहा किंवा अधिक तज्ज्ञांचे एकमत झाले. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की रुग्णाच्या मृत्यूला कारण ठरलेल्या काही गाठी बहुतेक तज्ज्ञांनी मेलॅनोमा म्हणून ओळखल्या नव्हत्या. तज्ज्ञांनी स्वतःच्या शास्त्राची मर्यादा मोजली आणि ती छापली.

२१/ इथे एक तर्कदोष नीट समजून घेण्याजोगा आहे. मूल जगले तर गाठ 'स्पिट्झ नीवस' होती. दगावले तर ती 'मेलॅनोमा' होती आणि पहिले निदान चुकले. अशी व्याख्या केली, की स्पिट्झ नीवस कधीच कोणाचा जीव घेणार नाही, कारण जीव घेणाऱ्या प्रत्येक गाठीचे नाव आपण मागाहून बदललेले असेल. व्याख्या निर्दोष होते, पण उद्या समोर येणाऱ्या मुलाच्या ती कामाची राहत नाही. इतिहासलेखनात आपण हेच करतो : यशस्वी झालेल्या बंडाला 'क्रांती' म्हणतो आणि फसलेल्याला 'उठाव', आणि मग क्रांत्या नेहमी यशस्वी होतात असे म्हणत बसतो. परिणामावरून नाव ठरले, की नावाने परिणाम सांगता येत नाही.

२२/ या चक्रातून बाहेर पडायचे, तर मुलाचे पुढे काय झाले याची वाट न पाहता मिळणारा पुरावा हवा होता. तो पेशीच्या जनुकांतून येऊ लागला. बोरिस बास्टियन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की मेलॅनोमात गुणसूत्रांची मोठी मोडतोड दिसते, तर बहुतेक स्पिट्झ नीवसांत ती दिसत नाही. काहींत मात्र ११व्या गुणसूत्राचा एक भाग वाढलेला असतो. २००० साली त्यांनी त्याच भागातील 'एचरास' या जनुकातील बदल नोंदवला. हा लेखही 'अमेरिकन जर्नल ऑफ पॅथॉलॉजी'तच आला, म्हणजे स्पिट्झ यांच्या लेखानंतर ५२ वर्षांनी त्याच नियतकालिकात.

२३/ २०१४ साली आणखी एक पाऊल पुढे पडले. दोन जनुकांचे तुकडे चुकीच्या जागी सांधले जाऊन तयार होणारी 'जोडजनुके' स्पिट्झ प्रकारच्या सुमारे निम्म्या गाठींत सापडली. पण ती निरुपद्रवी, धूसर आणि घातक अशा तिन्ही गटांत आढळली. ही गाठ कोणत्या कुळातली, हे त्यांवरून कळते. ती पुढे कशी वागेल, हे केवळ त्यांवरून कळत नाही. धोक्याची सूचना देणारे इतर काही बदल, उदाहरणार्थ ९व्या गुणसूत्राच्या एका भागाचा संपूर्ण लोप, या दशकात पुढे आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या वर्गीकरणाने या गाठींचे स्वतंत्र कूळ मान्य केले आणि त्यात तीन पायऱ्या ठेवल्या : नीवस, मधला ट्यूमर आणि मेलॅनोमा.

२४/ ही मधली पायरी महत्त्वाची आहे. दोनच खाने असताना प्रत्येक गाठीला एका बाजूला ढकलावे लागे. आता 'निश्चित सांगता येत नाही' हेही एक अधिकृत निदान झाले. त्याबरोबर उपचारही बदलले. बारा वर्षांखालील मुलांत गाठ सपाट आणि दोन्ही बाजूंनी सारखी असेल, तर त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या डर्मोस्कोपने ठरावीक काळाने पाहत राहणे, हा मार्ग २०१७च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी मान्य केला. गाठ विषम असेल तर ती काढून तपासावी, असे त्याच शिफारशी सांगतात. स्पिट्झ यांच्या यादीतील सर्वांत मोठ्या मुलाचे वयही बाराच होते.

२५/ एक आवश्यक सूचना. हा धागा इतिहासाचा आहे, सल्ल्याचा नाही. मुलांत मेलॅनोमा अत्यंत विरळ असला तरी तो होतो. घरातल्या लहानग्याच्या अंगावर नवी, वेगाने वाढणारी, रक्त येणारी किंवा रंग-आकार बदलणारी गाठ दिसली, तर चुना लावणे, दोरा बांधणे असे घरगुती उपाय करू नयेत. चामखीळ समजून जाळून टाकलेली गाठ तपासणीला उरत नाही आणि मग ती काय होती, हे कोणालाच सांगता येत नाही. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे आणि गाठ काढलीच, तर ती तपासणीला पाठवली आहे का, हे विचारावे.

२६/ मागे वळून पाहिले तर या कथेत दोन लहान संख्या समोरासमोर उभ्या आहेत. १९०७ साली एका देहावरून सर्वांसाठी रिवाज ठरला. १९४८ साली १३ मुलांवरून तो रिवाज प्रश्नांकित झाला. दोन्ही वेळी पुरावा तुटपुंजाच होता. फरक असा, की स्पिट्झ यांनी आपल्या पुराव्यात न बसणारे ते एक मूल वगळले नाही. बाकीच्या मुलांच्या जगण्याशेजारी त्याचा मृत्यूही त्याच लेखात ठेवला. ते वगळले असते, तर निष्कर्ष अधिक ठाम आणि लेख अधिक देखणा झाला असता. पुढच्या संशोधकांना मात्र काय शोधायचे, ते कळले नसते.

२७/ वैद्यकाचा इतिहास आपण बहुधा लसी, प्रतिजैविके आणि मोठ्या साथी यांच्या अंगाने वाचतो. शस्त्रक्रिया न होताच घरी गेलेल्या मुलांची नोंद त्यात नसते, कारण जे टळले त्याचा कागद होत नाही. चेहऱ्यावर व्रण न घेता मोठी झालेली कितीतरी माणसे आज असतील आणि त्यांपैकी बहुतेकांनी सोफी स्पिट्झ हे नाव ऐकलेलेही नसेल. ते ऐकले जावे, म्हणून हा धागा. शंका, दुरुस्त्या आणि पुढच्या धाग्यासाठी विषय खाली जरूर सुचवा.